अपघातानंतर आठ महिन्यांनी आलेलं चलन: भरायचं की नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ कळेल. महाराष्ट्रातल्या एका शहरात, सिग्नलच्या चौकात तुमच्या कारची आणि एका स्कूटरची धडक झाली. स्कूटरवाल्याच्या मनगटाचं हाड मोडलं. पोलीस आले, लायसन्स आणि आरसीचे फोटो काढले, तुमचं म्हणणं लिहून घेतलं आणि जायला सांगितलं. त्या वेळी पावती नाही, चलन नाही. आता आठ महिन्यांनी मोबाईलवर संदेश आलाय. पोर्टलवर त्याच दिवसाच्या दोन नोंदी दिसतात. एक ११९/१७७ ची, म्हणजे सिग्नल न पाळल्याची, पाचशे रुपये, 'आत्ता भरा' अशी. दुसरी कलम १८४ ची, तिच्यापुढे रक्कमच नाही, फक्त 'कोर्ट'. वाहतूक शाखेतून फोनवर सांगितलं गेलं, "साहेब, भरून मोकळे व्हा." तुम्ही विचारताय की इतक्या उशिरा आलेलं चलन रद्द होत नाही का, आणि पाचशेच रुपये आहेत तर भरून का टाकू नयेत?

मी वकिली करतो आणि मोटार अपघाताची दोन्ही अंगांची कामं, म्हणजे फौजदारी आणि नुकसानभरपाईची, रोजची आहेत. उत्तर एका वाक्यात हवं असेल तर आज काहीही भरू नका. पण का नाही, हे समजून घ्या, कारण 'उशीर झाला म्हणजे रद्द' हा समजही तितकाच महागात पडतो.

सगळ्यात आधी संदेश खरा आहे का ते बघा. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठवून खाती रिकामी करणारे बरेच आहेत. संदेशातल्या लिंकवर जाऊच नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलन पोर्टल किंवा महाट्रॅफिक ॲप स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे टाका. तिथे दिसलं तरच ते चलन. तुमच्या बाबतीत पोर्टलवर दिसतंय, म्हणजे हा टप्पा झाला.

आता त्याच पोर्टलवर दोन तारखा वेगवेगळ्या टिपून घ्या: गुन्हा घडल्याची आणि चलन तयार झाल्याची. लोक इथेच गोंधळतात. कागद तुमच्यापर्यंत पोचायला उशीर झाला ही एक गोष्ट, आणि पोलिसांनी कारवाई करायला उशीर केला ही दुसरी. चलन अपघाताच्या दिवशीच बनलं असेल आणि आरसीला जोडलेला मोबाईल नंबर तुम्ही चार वर्षांपूर्वी बदलला असेल, तर संदेश जुन्या नंबरवर गेलेला असतो. तिथे 'मला आजच कळलं' याला फार वजन येत नाही. चलनच आठ महिन्यांनी बनलं असेल तर चित्र वेगळं. दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट आजच काढा, तारीख-वेळ दिसेल असे. पोर्टलवरच्या नोंदी पुढे बदलतात.

आता १८४ कडे वळू, कारण खरं दुखणं तेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं हे धोकादायक वाहन चालवण्याचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, उलट दिशेने येणं, हातात मोबाईल धरून चालवणं हे सगळं त्यात स्पष्ट शब्दांत आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पहिल्याच गुन्ह्यात प्रत्यक्ष कैद होताना मी क्वचितच पाहिलंय, दंडावर भागतं. पण हा गुन्हा तडजोड शुल्क, म्हणजे पोलिसांकडे ठरलेली रक्कम, भरून मिटत नाही. कलम २०० मध्ये तडजोडीला पात्र कलमांची यादी आहे, त्यात १८४ फक्त हातातल्या मोबाईलपुरतं येतं. म्हणून तुमच्या स्क्रीनवर रक्कम दिसत नाही. वाहतूक शाखेतला कुणी 'इथेच मिटवून देतो' म्हणाला, तर तो अधिकार त्याच्याकडे नाही.

आणि याच १८४ साठी कायद्यात तुमच्या बाजूची एक मजबूत तरतूद आहे, जी वकीलसुद्धा विसरतात: कलम २०९. १८३, म्हणजे अतिवेग, आणि १८४, या दोनच गुन्ह्यांसाठी ती आहे. तीन गोष्टींपैकी एक तरी घडलेली असल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही. एक, तुमच्यावर खटला भरण्याचा विचार होईल अशी समज तुम्हाला गुन्ह्याच्या वेळीच दिली गेली होती. दोन, गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस तुम्हाला किंवा नोंदणीकृत मालकाला बजावली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवली. तीन, २८ दिवसांच्या आत समन्स बजावलं. यातलं काहीच नसेल तर कोर्ट दोषी ठरवू शकत नाही.

अपवाद दोन आहेत. नाव-पत्ता वाजवी प्रयत्न करूनही वेळेत कळणं शक्य नव्हतं, किंवा आरोपीच्या वागण्यामुळेच नोटीस देता आली नाही. तुमचे कागद पोलिसांनी जागेवरच पाहिले, फोटो घेतले, तुम्ही पळून गेला नाहीत. पहिला अपवाद मांडायला सरकारी बाजूला जड जाईल, दुसरा तर लागूच होत नाही. 'अपघात झाला असेल तर २०९ लागू होत नाही' असं कुणी ठासून सांगितलं तर त्यांना कलम उघडून दाखवायला सांगा. तसं त्यात लिहिलेलं नाही.

फक्त एका जागी सावध राहा, ती म्हणजे पहिली अट. जागेवर दिलेली समज तोंडीही असू शकते. त्या दिवशी हवालदार तुम्हाला नेमकं काय म्हणाला? "बघू, केस होईल तुमच्यावर" असं काही? की "जा, काही नाही"? आठवेल तसं आजच वहीत लिहून ठेवा, सोबत कोण होतं त्याचं नावही. साक्षीच्या वेळी पोलीस म्हणणार, 'समज दिली होती'. मग तुमचा वकील विचारणार, ती स्टेशन डायरीत कुठे आहे? पंचनाम्यात आहे का? बहुतेक वेळा नसते.

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यात नोटीस १५ दिवसांत पाठवायची आणि चलन निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक पुरावा जपून ठेवायचा असं घातलं आहे. ई-चलनाचे नियम सारखे बदलतात, त्यामुळे आक्षेप घेण्याची जी मुदत तुमच्या चलनावर छापली आहे तीच पाळा, माझ्या किंवा कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. पण चलनासोबतचा फोटो नीट बघा. तो सिग्नल तोडतानाचा कॅमेऱ्यातला आहे, की अपघातानंतर हवालदाराने हातातल्या मशीनवर काढलेला? माझ्याकडे येणाऱ्या अशा चलनांमधले फोटो ठरावीक असतात: गाडी तिरकी उभी, दार उघडं, हॅझर्ड दिवे चालू, कडेला चार माणसं. त्यात सिग्नल दिसतच नाही, दिसला तर तो धडकेनंतर दहा मिनिटांनी कुठल्या रंगाचा होता एवढंच दिसतं. असा फोटो गाडी तिथे होती हे सांगतो. ते तुम्ही नाकारतच नाही आहात.

आता मुदत. हा भाग जरा किचकट आहे. फौजदारी कोर्टाने किती काळाने गुन्ह्याची दखल घेऊ नये हे आधी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षं कैद असेल तर तीन वर्षं. त्याहून मोठ्या गुन्ह्याला मुदतच नाही.

वरवर हिशेब सोपा वाटतो. १७७ ला फक्त दंड आहे, सहा महिने उलटले, म्हणून ते संपलं. १८४ ला वर्षापर्यंत कैद, म्हणून अजून चार महिने धोका. पण त्याच कलमात एक मेख आहे. जे गुन्हे एकत्र चालवता येतात, त्यांची मुदत सर्वांत जड शिक्षेच्या गुन्ह्यावरून मोजली जाते. एकाच प्रसंगातले १७७ आणि १८४ एकत्र चालू शकतात, तेव्हा १७७ सुद्धा वर्षभर जिवंत राहतं असं सरकारी वकील म्हणणार. आणि मनगटाचं हाड मोडलंय हे विसरू नका. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही 'जबर दुखापत'. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ (ब) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे मुदतही तीन वर्षं. सोबत कलम २८१, बेदरकार वाहन चालवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. तुमचा अपघात १ जुलै २०२४ च्या आधीचा असता तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेचा, २७९ आणि ३३८ चा, धरला गेला असता.

ही मुदत कोर्टात प्रकरण कधी दाखल झालं त्यावरून बघतात. तुम्हाला समन्स कधी मिळालं किंवा न्यायाधीशांनी दखल कधी घेतली यावरून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि नव्या संहितेत तक्रार दाखल झाल्याची किंवा पोलिसांकडे खबर नोंदवल्याची तारीख धरायची असं लिहूनच टाकलंय. शिवाय योग्य कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. म्हणून 'आठ महिने झाले, आता काही होत नाही' म्हणून झोपून राहू नका.

मग करायचं काय? दोन ठिकाणी शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तुमच्या जिल्ह्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय निवडून आपल्या नावाने शोध घ्या. व्हर्च्युअल कोर्टाच्या साईटवर गाडीच्या किंवा चलनाच्या नंबराने. एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी खटला) म्हणून काही दिसलं तर दाखल झाल्याची तारीख आणि सी.एन.आर. नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. एफआयआर नसेल तर मुदतीचा सगळा मुद्दा त्या एका तारखेवर उभा राहतो किंवा पडतो. दुसरं, महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर त्या ठाण्याच्या प्रसिद्ध झालेल्या एफआयआर तारखेप्रमाणे बघा. तुम्हाला न सांगता एफआयआर झालेली असणं अजिबात दुर्मीळ नाही. जखमी माणूस हॉस्पिटलमधून सुटून आठ-दहा दिवसांनी जबाब देतो आणि तेव्हा गुन्हा नोंदतात, त्यामुळे फक्त अपघाताच्या दिवसाचं पान बघून थांबू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: पाचशे रुपये भरून का टाकू नयेत?

निव्वळ कायद्याने बघितलं तर १७७ ची तडजोड म्हणजे कोर्टातली दोषसिद्धी नव्हे. कलम २०० म्हणतं की तडजोड झाल्यावर त्या गुन्ह्यापुरती पुढची कारवाई होत नाही. पण 'त्या गुन्ह्यापुरती' हे लक्षात घ्या. त्याने १८४ मिटत नाही, एफआयआर असेल तर तीही मिटत नाही. उलट तुम्ही सिग्नलचं उल्लंघन केलं म्हणून पैसे भरल्याची तारखेसह पावती तयार होते. स्कूटरवाल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज केला असेल, किंवा करणार असेल, तर त्याचा वकील ती पावती पहिल्या पानाला लावेल. भरपाईच्या दाव्यात निष्काळजीपणा संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, कोणाचं म्हणणं अधिक संभवनीय एवढंच बघतात. तिथे पाचशेची पावती एकटीने निर्णायक ठरणार नाही, पण पारडं हलवू शकते. कोर्टात उभं राहून १८४ चा गुन्हा कबूल केला तर त्याचं वजन याहून कितीतरी जास्त. वर लायसन्सचाही प्रश्न: १८४ मध्ये पोलिसांनी लायसन्स आरटीओकडे पाठवलं तर पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता येते.

आणि विमा. तुमची पॉलिसी काढा आणि 'अटी' या मथळ्याखालच्या पहिल्या दोन अटी वाचा. मोटार पॉलिसींचा मसुदा जवळपास सारखाच असतो. पहिली अट सांगते की अपघाताबाबत खटला होण्याची शक्यता कळताच कंपनीला लेखी कळवा. दुसरी सांगते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुठलीही कबुली, देकार, आश्वासन किंवा पैसे देऊ नका. जखमीच्या दाव्याचे पैसे शेवटी विमा कंपनीने द्यायचे आहेत, म्हणून ही अट. चलन भरणं म्हणजे या अटीतली 'कबुली' होते का यावर वाद घालता येईल, पण तो वाद ओढवून घ्यायचाच कशाला? चलनाची प्रत जोडून कंपनीला ईमेल करा आणि पोच ठेवा. एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही.

आता चलनाला उत्तर. ॲपवर तक्रारीची सोय आहे तिथे नोंदवा, शिवाय वाहतूक शाखेला रजिस्टर पोस्टाने पत्र द्या. पत्रात अपघाताची कहाणी लिहायची नाही. लोक तीन पानं लिहितात, 'मी पिवळ्यावरच निघालो होतो' वगैरे, आणि तेच पत्र पुढे त्यांच्या विरुद्ध वाचलं जातं. मजकूर साधारण एवढाच:

"वाहन क्रमांक अमुक, चलन क्रमांक अमुक. सदर चलनात नमूद गुन्हा मला मान्य नाही. घटनेच्या वेळी वा त्यानंतर १४ दिवसांत मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०९ प्रमाणे मला कोणतीही समज वा नोटीस मिळालेली नाही. चलनाचा आधार असलेला फोटो, व्हिडिओ, त्यासोबतचं प्रमाणपत्र आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत मिळावी. चौकातील कॅमेऱ्याचं त्या वेळचं चित्रीकरण प्रकरण निकाली निघेपर्यंत जतन करावं. माझे सर्व हक्क राखून हे पत्र देत आहे."

प्रमाणपत्र मागायचं ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला ते लागतं, पूर्वीच्या ६५-ब सारखं. चौकाजवळच्या दुकानांचं चित्रीकरण आठ महिन्यांनी मिळायची आशा नाही, ते काही आठवड्यांत पुसलं जातं. शहराच्या यंत्रणेतलंही गेलं असेल. पण तुम्ही मागितलं होतं आणि मिळालं नाही हे रेकॉर्डवर असणं उपयोगाचं आहे.

समन्स आलं तर मात्र टाळायचं नाही. चलन, पोलीस ठाण्याची नोटीस आणि कोर्टाचं समन्स हे तीन वेगळे कागद आहेत. चलनाला वेळ घेता येतो. पोलीस ठाण्यातून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) ची हजर राहण्याची नोटीस आली तर दिलेल्या दिवशी जायचं, शक्यतो वकिलाला सोबत घेऊन. तिकडे पाठ फिरवली तर अटकेला कारण मिळतं. समन्सला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, आणि इतका साधा खटला उगाच मोठा होतो.

कोर्टातला तो दिवस कसा असतो ते सांगतो, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. सकाळी अकराच्या सुमाराला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सुरू होतो. वाहतुकीच्या प्रकरणांची गर्दी असते, शिपाई नावं पुकारतो, माणसं रांगेने पुढे सरकतात. समोरून एकच प्रश्न येतो, "गुन्हा कबूल आहे का?" पुढचा माणूस "हो" म्हणतो, दंड ऐकतो, खिडकीकडे जातो. त्याच्या मागचाही तसाच. त्या लयीत तुमचंही डोकं आपोआप हलतं. हलवायचं नाही. "कबूल नाही, कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात" एवढं बोलायचं. न्यायाधीश पुढची तारीख देतात. गुन्हा जामीनपात्र आहे, वैयक्तिक बंधपत्र किंवा जामीनदार घेतील, म्हणून आधारकार्ड आणि गरज पडली तर जामीनदार बरोबर ठेवा. पुढच्या तारखांना वकीलपत्रावर वकील हजर राहू शकतो, तुमच्यासाठी हजेरी माफीचा अर्ज देऊन. मुदतीचा मुद्दा अगदी सुरुवातीलाच लेखी घ्या. २०९ चा मुद्दा पुराव्यानंतर, युक्तिवादाला जास्त धारदार होतो, कारण तोवर हवालदाराची उलटतपासणी झालेली असते. लोकअदालतीत बोलावलं तर १७७ ची चलनं तिथे मिटवायला हरकत नाही, पण ज्याच्या मागे जखमी माणूस उभा आहे ते चलन तिथल्या घाईत मिटवू नका.

एक अप्रिय गोष्टही सांगतो. तुम्ही खरोखरच लाल सिग्नल तोडला असेल आणि तसं स्वच्छ चित्रीकरण असेल, तर २०९ च्या जोरावर १८४ मधून सुटाल, पण भरपाईच्या दाव्यातून सुटणार नाही. फौजदारीत निर्दोष सुटल्याने भरपाईचा दावा पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय. तेव्हा विमा कंपनीला खरं काय ते सांगा आणि दावा त्यांना लढू किंवा मिटवू द्या. जखमी माणसाला त्याचे पैसे मिळण्यात वाईट काहीच नाही, विमा त्यासाठीच असतो. गाडीचा विमा त्या दिवशी संपलेला असेल, तर मात्र हे उत्तर इथेच थांबवा आणि तातडीने वकील गाठा, कारण मग तो पैसा तुमच्या खिशातून जाणार आहे.

हेच चलन विकलेल्या गाडीवर आलं असेल, असं विचारणारेही बरेच असतात. त्यांच्यासाठी: आरटीओत नाव बदललं नसेल तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईच्या प्रकरणातही हेच धरलं. विक्रीचा करार, ताबा पावती, पैसे मिळाल्याची नोंद जोडून, गाडी कोण चालवत होतं ती माहिती कलम १३३ प्रमाणे पोलिसांना लेखी द्या. माहिती मागूनही न देणं हा वेगळा गुन्हा होतो.

तुमच्या बाबतीत या आठवड्याची कामं अशी: स्क्रीनशॉट, ई-कोर्ट्सवर शोध, एफआयआरचा शोध, विमा कंपनीला ईमेल, वाहतूक शाखेला पत्र. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर परिवहनच्या साईटवर आत्ताचा करून घ्या, नाहीतर पुढची नोटीसही जुन्या नंबरवर जाईल. थकीत चलनामुळे आरटीओतलं एखादं काम, म्हणजे गाडीचं हस्तांतरण वगैरे, अडू शकतं. तसं झालं तर आक्षेप नोंदवल्याची पोच तिथे दाखवा. एस.सी.सी. नंबर सापडला तर तो आणि दाखल तारीख इथे कळवा. मुदतीचा हिशेब त्यावरून नक्की सांगता येईल.